नागपुरात कमी बजेटमध्ये किचन कसं भरायचं : किराणा, भाजी अन् वर्षाचं धान्य

मिहानमध्ये जॉब लागला म्हणून आलेले, शिकायला आलेले, होस्टेल सोडून रूम घेतलेले, नवीन लग्न होऊन वन बीएचके घेतलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. पहिल्या महिन्यात किराण्यावर पैसे भराभर जातात अन् महिनाअखेरी बघावं तं डब्यात मैदा, कॉर्नफ्लोअर, पास्ता, दोन-तीन प्रकारचे सॉस तसेच पडून आणि तूर डाळ मात्र संपलेली. हे बहुतेक घरात होतं. याचं कारण महागाई कमी अन् यादी करायची पद्धत जास्त.

म्हणून आधी सामानाची यादी करायलाच बसू नका. आधी आठवड्यात तुम्ही खरंच काय शिजवणार ते लिहा. म्हणजे बघा, सकाळी पोहे नाही तं उपमा, एक दिवस डाळभाजी-भात, एक दिवस आलू-वांग्याची भाजी अन् पोळी, एक दिवस झुणका-भाकर, एक दिवस बरबटीची (चवळीची) उसळ, एक दिवस कढी-गोळे, रविवारी पाटवडी रस्सा. आता या सगळ्याला काय काय लागतं ते बाजूला लिहा. तूर डाळ, चणा डाळ, बेसन, तांदूळ, कणिक, ज्वारीचं पीठ, पोहे, रवा, बरबटी, तेल, तिखट, हळद, धणे-जिरे पूड, मोहरी, हिंग, मीठ, गूळ, साखर, चहा, फल्लीदाणे (शेंगदाणे), कांदे, आलू, लसूण, बस. एवढ्या सामानात महिनाभर रोज वेगळं जेवण होतं, कारण एकच चणा डाळ गोळ्यात जाते अन् दळली की झुणका-पाटवडीत जाते. जे सामान तीन-चार पदार्थात लागतं ते जास्त घ्या, जे एकाच पदार्थात लागतं ते त्या पदार्थाच्या दिवशी पाव किलो नाही तं शंभर ग्रॅम आणा. माझ्या मते स्वस्त किचनची निम्मी गोष्ट इथेच संपते.

किती घ्यायचं हा पुढचा प्रश्न, अन् इथे लोक अंदाजाने जातात. एक किलो कणकेत साधारण ३०-३५ पोळ्या होतात. दोन माणसं, दोन वेळा, तीन-तीन पोळ्या धरल्या तं दिवसाला १२, म्हणजे महिन्याला ११ किलोच्या आसपास कणिक. एक वेळ भात असेल तं दोघांना महिन्याला ४ किलो तांदूळ पुरतो. सगळ्या डाळी अन् कडधान्य मिळून ३ ते ४ किलो. तेल माणशी अर्धा लिटर, फार तं पाऊण लिटर, त्याच्यावर जात असेल तं कढईत जरा जास्तच पडून राहिलंय. साखर दीड किलो, चहापत्ती पाव ते ३०० ग्रॅम, मीठ एक किलो. हे आकडे फक्त सुरुवातीला वापरा. एक महिना डब्यावर पेनाने तारीख लिहा, कधी भरला अन् कधी संपला, मग पुढच्या महिन्यापासून तुमच्या घराचा आकडा तुम्हाला कळेलच, कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

पहिल्याच दिवशी पंधरा मसाल्यांच्या बरण्या घेऊ नका. तिखट, हळद, धणे पूड, जिरं, मोहरी, हिंग अन् एक गरम मसाला नाही तं काळा मसाला, एवढ्यावर रोजचं सगळं होतं. दगडफूल, खसखस, तेजपान, शहाजिरं, मोठी विलायची हे सावजी मसाल्याचं सामान लागेल तेव्हा सुटं मिळतं, पाच-दहा ग्रॅमपण देतात. भांड्यांचंपण तसंच, एक तीन किंवा पाच लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, दोन गंज (पातेली), पोळपाट-लाटणं, चाळणी अन् घट्ट झाकणाचे डबे. डब्यांवर मात्र कंजुषी करू नका, का ते खाली येतंयच.

आता कुठे घ्यायचं.

कोरडं सामान महिन्यातून एकदा इतवारी-मस्कासाथला. अ‍ॅक्वा लाईनच्या मेट्रोने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौकाला उतरा, तिथून ई-रिक्षा मिळते. हा धान्य, डाळी, मसाले, सुका मेवा यांचा शहरातला जुना ठोक बाजार आहे. काही दुकानदार कट्ट्याच्या (अख्ख्या पोत्याच्या) खाली बोलतच नाहीत, पण त्यांच्या शेजारीच चिल्लर (किरकोळ) अन् ठोकच्या मधली दुकानं आहेत, ती दोन किलो, पाच किलो आरामात देतात, तुम्हाला तीच शोधायची आहेत. एक फेरी नुसती भाव विचारत मारा, चार दुकानात तोच माल हातात घेऊन बघा, मग घ्या. सणाच्या आधीचा आठवडा टाळा, गर्दीत दुकानदाराला तुम्हाला माल दाखवायला वेळ नसतो अन् तुम्हाला बघायला नसतो. दोन-तीन मैत्रिणी किंवा शेजारी मिळून गेलात तं कट्टा फोडून वाटून घेता येतो, तेव्हा खरा ठोक भाव मिळतो.

इथे जाताना मालाची नावं माहीत पाहिजेत, नाही तं दुकानदार विचारतो कोणती देऊ अन् आपण म्हणतो चांगली द्या, मग तो महागातली देतो, त्याची काही चूक नाही. तूर डाळीत फटका बेस्ट, फटका मिडियम, सव्वा नंबर असे प्रकार असतात. फटका म्हणजे स्वच्छ, अख्खी, एकसारखी डाळ. रोजच्या वरणाला मिडियम घेतली तं कुकरमध्ये शिजल्यावर कोणाला फरक कळत नाही, वरणात डाळ घोटूनच जाते ना. फक्त तुकडा फार नको अन् जास्त चमकणारी, हाताला तेल लागणारी डाळ नको. मूग मोगर, उडीद मोगर हे सालाशिवायचे, सालवाले थोडे स्वस्त पडतात अन् पोटालाही चांगले. डाळ अन् बेसन घेताना लाखोळीची (खेसारी डाळीची) भेसळ बघा, लाखोळीचा दाणा एका बाजूने तिरपा, चौकोनी-सा दिसतो, गोल नसतो. बेसनात तं ते दिसतच नाही, म्हणून चणा डाळ घेऊन चक्कीवर दळून आणलेली केव्हाही बरी.

तांदळात श्रीराम, एचएमटी, चिन्नोर, बीपीटी, स्वर्णा, लुचई अशी नावं ऐकाल. पाहुण्यांसाठी श्रीराम किंवा चिन्नोर थोडा ठेवा, रोजला एचएमटी घ्या असं मी सगळ्यांना सांगते. हा आपल्या विदर्भाचाच तांदूळ आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्या शेतात निवडून निवडून हे वाण तयार केलं, घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. २०१८ मध्ये ते गेले. आज लाखो घरात त्यांचा भात शिजतो अन् त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून इथे लिहिलं. तांदूळ घेताना जुना मागा. नवा तांदूळ नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, तो चिकट होतो अन् फुलतही कमी, जुना मोकळा होतो अन् तेवढ्याच वाटीत जास्त भात होतो. वडा-भात, गोळा-भात करायचा असेल तं जुनाच पाहिजे. खिचडी, इडली, डोशाला मात्र तुकडा किंवा स्वर्णा पुरे, तिथे चांगला तांदूळ घालू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा, २०२२ च्या जुलैत लेबल लावलेल्या पॅकबंद धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, पण तो २५ किलोपर्यंतच्या पॅकला. सुट्या मालाला नाही अन् २५ किलोच्या वरच्या कट्ट्यालाही नाही. बाजारात तांदळाचा २६ किलोचा कट्टा दिसतो तो याच्यामुळेच. म्हणजे तीच डाळ छोट्या ब्रँडेड पाकिटात घेतली तं तुम्ही पाकीट, जाहिरात अन् टॅक्स असं तिन्हीचं देताय.

तेल मात्र सुटं घेऊ नका, सीलबंदच घ्या, भेसळ तिथेच जास्त होते. पण टिन घेताना लिटर की किलो हे वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या टिनमध्ये साडेतेरा किलोच्या जरासं वर तेल आणि १५ किलोच्या टिनमध्ये साडेसोळा लिटरच्या आसपास. दोन टिन शेजारी शेजारी सारखेच दिसतात, भावात थोडा फरक दिसतो अन् आपण स्वस्त म्हणून लिटरवाला उचलतो. पाऊचचंही तेच, काहींवर ८५० ग्रॅम असं लिहिलेलं असतं अन् साईज एक लिटरसारखाच. दोनच माणसं असाल तं तसंही टिन घेऊ नका, उघडलेलं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, पाच लिटरचा कॅन पुष्कळ झाला.

मोठ्या सुपरमार्केटला माझा विरोध नाही. साबण, भांड्याचं लिक्विड, डिटर्जंट, चहा, बिस्किटं, तूप असं ब्रँडेड सामान तिथे एमआरपीच्या खाली मिळतं, दोन महिन्यांतून एकदा तिथून आणा. पण ट्रॉली घेऊ नका, हातातली पिशवी किंवा बास्केट घ्या, भरली की निघा. अन् प्रत्येक पाकिटावर दर १०० ग्रॅमचा हिशोब करा. समजा एका कंपनीचं ५०० ग्रॅम ७० ला आहे अन् दुसऱ्याचं ४०० ग्रॅम ६० ला, तं पहिलं १०० ग्रॅमला १४ पडलं अन् दुसरं १५, म्हणजे ६० वालं महाग. आजकाल बऱ्याच पाकिटांवर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेलाच असतो, फक्त अक्षर बारीक असतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असंही नाही, छोट्या पाकिटावर स्कीम असली की उलटं होतं. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवर फक्त अडल्यानडल्याला जा, कारण एक लिंबू मागवायला गेलं की डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून अजून चार वस्तू टाकल्या जातात, अन् त्या चार वस्तू यादीत नव्हत्या.

गल्लीतल्या किराणा दुकानदाराशी मात्र चांगले संबंध ठेवा. नेहमीचं गिऱ्हाईक असलं की तो भाव कमी करतो, पाच रुपयांचं जिरंही देतो, किडलेली डाळ परत घेतो. महिन्याच्या मधात जे कमी पडेल ते तिथूनच. उधारीची वही चालू करू नका एवढंच, वहीवर लिहिताना हात सैल होतो.

आता भाजी, अन् इथे नागपूरकर नशीबवान आहेत. जवळपास प्रत्येक भागात आठवडी बाजार भरतो, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, सोमवारी क्वार्टरचा सोमवारचा, सदरचा मंगळवारी, असे दिवस ठरलेले. तुमच्या घराजवळचा कोणता वार आहे ते विचारून घ्या अन् आठवड्याची भाजी त्याच दिवशी घ्या. आसपासच्या गावातले शेतकरी स्वतःच माल घेऊन बसतात, जमिनीवर पोतं टाकून दोन-तीनच प्रकारची भाजी मांडून बसलेली बाई दिसली की आधी तिच्याकडे जा, तिच्या शेतातलं असतं अन् ताजं असतं. संध्याकाळी उशिरा गेलं तं परत न्यायला नको म्हणून वाटे लावतात, वांगे, टमाटर, मिरच्या अगदी कमी भावात मिळतात. वाट्यातली भाजी दोन दिवसांत संपणारी असेल तरच घ्या. पालेभाजी मात्र लवकर जाऊन घ्या, संध्याकाळपर्यंत ती मान टाकते. अन् पाव किलोचा भाव सांगितला की मनातल्या मनात चारने गुणा, पावाचा भाव नेहमी स्वस्त वाटतो. जास्त लागत असेल, घरी कार्यक्रम असेल, तं सकाळी सकाळी कॉटन मार्केट. कळमन्याच्या ठोक मार्केटला चार-पाच घरं मिळून जाणार असाल तरच जा, तिथे माल कट्ट्याने अन् क्रेटने निघतो, दोघांच्या घराला तो परवडत नाही.

भाजीच्या बाबतीत मोसम हाच खरा भाव ठरवतो. डिसेंबर-जानेवारीत वाटाणे, मेथी, पालक, गाजर, फुलकोबी, टमाटर, वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा सगळं भरभरून येतं, तेव्हा मनसोक्त खा, भरीत करा, सोले वांगं करा, वाटाणे सोलून फ्रीजरमध्ये टाका, टमाटर चिरून उन्हात वाळवून ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) तं पालेभाजी बाजारात यायच्या आधीच सुकते अन् सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी हातात धरवत नाही अशा भावाने मिळते. तेव्हा पालेभाजीच्या मागे लागू नका. ते दिवस मुगवड्या, सांडगे, बेसन, मोट (मटकी), बरबटी, कढी, कैरी, कोहळं, कांदे अन् आलू यांचे. आपल्या आज्यांनी वाळवणं यासाठीच केली होती, घरी करायला जमत नसेल तं महिला बचत गटांकडून घ्या, चव घरचीच असते. पहिला पाऊस पडला की तरोटा, अंबाडी अशा भाज्या चालू होतात, तरोटा फार स्वस्त मिळतो अन् चण्याची डाळ घालून केला तं नुसत्या भाकरीबरोबर जेवण होतं. संत्र्याचेही दोन बहार असतात, एक हिवाळ्याच्या सुरुवातीचा आंबिया अन् दुसरा फेब्रुवारी-मार्चचा मृग, त्या दिवसात बाकी फळं बाजूला ठेवा अन् डझनाने संत्री आणा.

वर्षाचं धान्य भरायचं की नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. भाड्याची एक खोली असेल, दर वर्षी घर बदलत असाल तं नका भरू, तीन महिन्यांचं घ्या. स्वतःचं घर, जागा अन् चार माणसं असतील तं नक्की भरा, पण प्रत्येक गोष्टीचा महिना पाळा. तूर जानेवारी-फेब्रुवारीत नवीन येते, चणा फेब्रुवारी-मार्चात, गहू मार्च-एप्रिलमध्ये, लाल मिरची अन् हळदही याच दिवसात, चिंचही. म्हणजे फेब्रुवारीपासून अक्षय तृतीयेपर्यंत हे काम उरकायचं. सगळे पैसे एकदम काढणं अवघड जातं, म्हणून फेब्रुवारीत डाळ, मार्चमध्ये मिरची-हळद, एप्रिलमध्ये गहू असं तोडून घ्या, अन् त्यासाठी दिवाळीनंतर दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकत राहा. गव्हात पोळीला लोकवन छान, शरबती महाग पडतो.

मिरची अख्खीच घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय मानांकन (त्या भागाचीच खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) आहे, तिखटपणा अन् रंग दोन्ही देते, चांगल्या ओळखीच्या दुकानातून मागा. नुसती तिखट मिरची घेतली तं घरातले लहान खात नाहीत, म्हणून रंगाची कमी तिखट मिरची अर्धी मिसळा. देठ काढून दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा अन् समोर उभं राहून कांडून आणा. पाकिटातलं तिखट अन् हे तिखट यात भावाचाही फरक आहे अन् भाजीच्या रंगाचाही.

भरलेलं टिकवणं ही घेण्यापेक्षा मोठी गोष्ट. नागपुरात दोन शत्रू, मे मधली गरमी अन् जुलै-ऑगस्टमधली ओल. गहू, डाळी आधी उन्हात चांगल्या तापवा, मग पूर्ण गार होऊ द्या, गरम भरलं की आतमध्ये घाम सुटतो अन् तिथूनच सोंडे होतात. गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला थराथरात टाका, ओला अजिबात नको. तूर डाळीला हाताने अगदी थोडं एरंडेल चोळलं की वर्षभर किडत नाही, शिजवायच्या आधी गरम पाण्याने धुवायची. बोरिक पावडरच्या नादी लागू नका, खायच्या धान्यात ती कशाला. रवा, बेसन, फल्लीदाणे यांना पावसाळ्यात सगळ्यात आधी किडे लागतात. रवा आणला की कोरडाच भाजून ठेवा, बेसन एका वेळी अर्ध्या किलोच्या वर दळू नका, दाणे भाजून फ्रीजमध्ये ठेवा. कणिक एका वेळी पाच किलोच दळा, मे महिन्यात तं त्याहून कमी. डब्यात जुनं खाली अन् नवीन वर असं कधीच भरू नका, जुनं आधी काढा, डबा पुसा, ऊन दाखवा, नवीन भरा अन् वरून जुनं टाका. घट्ट झाकणाचे डबे घ्या म्हटलं ते यासाठी, एका खराब डब्यामुळे दोन किलो डाळ फेकली तं डब्याचे पैसे त्यातच गेले.

कांदे-लसूण हवेवर, जाळीच्या टोपलीत, पण आलूपासून लांब, जवळ ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात अन् आलूला कोंब फुटतात. सांबार निवडून, न धुता, कागदात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये. अद्रक-लसणाची पेस्ट विकत आणण्यापेक्षा आठवड्याची घरीच वाटा.

गॅसचापण हिशोब किराण्यातच धरा. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचं असतं. कडधान्य रात्री भिजवलं, डाळ तासभर भिजवली, कुकरमध्ये एकाच वेळी वरण-भात-आलू लावले तं सिलिंडर बरेच दिवस जास्त जातं.

रेशन कार्ड असेल तं ते वापरा, त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही, तो हक्क आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, अन् २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. गावचं कार्ड असलं तरी वन नेशन वन रेशन कार्डमुळे इथल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य घेता येतं, बाहेरगावाहून कामाला आलेल्या बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नाही, ओळखीत कोणी असेल तं त्यांना सांगा. तिथला तांदूळ पाखडून, निवडून घेतला की इडली, धिरडी, खिचडीला उत्तम.

आणि दुकानात वजन तुमच्या डोळ्यासमोर होऊ द्या, काटा आधी शून्यावर आहे का बघा, डब्याचं वजन वजा केलं का विचारा. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त मागितला, थंड करण्याचे म्हणून मागितले तरी, देऊ नका. ऐकत नसतील तं बिल घ्या अन् १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार मराठीतूनही घेतात.